आठवीच्या मुलाला आधी शाळेत रुळू द्या

जून लागला की फोन सुरू होतात. "सर, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झाली, आता तालुक्याच्या हायस्कूलला नाव घातलंय. फाउंडेशन लावू का?" "सेमी घ्यावं की मराठीच राहू द्यावं?" "संस्कृत शंभर मार्कांचं घेतलं की दहावीला टक्का वाढतो म्हणे?" प्रश्न दरवर्षी हेच असतात. नव्या शाळेत पहिल्या महिन्यात पोराचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

सोपी उत्तरं आधी देऊन टाकतो. सेमीचा निर्णय शेजाऱ्याच्या मुलाकडे बघून घेऊ नका. गणिताच्या इंग्रजी पुस्तकाचं एक पान मुलाला वाचायला द्या आणि काय समजलं ते मराठीत सांगायला लावा. थोड्या मदतीने सांगता आलं तर सेमी घ्या. नाहीच जमलं तर मराठी माध्यमात गणित पक्कं होऊ द्या. पुढे विज्ञान शाखेला इंग्रजीची गरज पडते हे खरं, पण न समजलेलं गणित कोणत्याच भाषेत कामाला येत नाही. शिवाय नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांची प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळते. संस्कृत आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त टक्क्यांसाठी घेऊ नका. मूल आरटीईच्या 25 टक्के कोट्यातून शिकत असेल, तर एक गोष्ट आजच करा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीची फी किती पडेल, ते शाळेकडून आत्ताच लेखी घ्या.

आता फाउंडेशनबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: आठवीत लावू नका. जेईई आणि नीट या परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर होतात. तेरा वर्षांच्या मुलाला त्यांच्या नावाने रोज दोन तास बसवायचं म्हणजे जोतं भरण्याआधी स्लॅबची सळई आणून ठेवायची. ती गंजते, दुसरं काही होत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये आणि नोंदणी दहावीच्या परीक्षेनंतरच करावी, असं त्यांत लिहिलं आहे. तरीही गल्लोगल्ली 'आठवी फाउंडेशन'चे फलक लागलेले दिसतात, कारण पैसे भरणारे आपणच आहोत. काउंटरवर बसलेला माणूस "आता नाही तर कधीच नाही" म्हणाला, तर त्याच्यापुढे या सूचना ठेवा आणि काय उत्तर देतो ते ऐका.

दिवसाचा हिशोबही करून बघा. शाळा अकरा ते पाच. एसटीने येऊन-जाऊन दीड तास. त्यावर क्लास सहा ते आठ. घरी येऊन जेवेपर्यंत नऊ वाजतात आणि शाळेचा गृहपाठ तसाच पडून राहतो. आठवीत खरं अडतं ते अपूर्णांकात, ऋण संख्यांत, साध्या समीकरणांत. या गोष्टी सातवीच्या पुस्तकात आहेत. रविवारी सकाळी घरी एक तास ते पुस्तक उघडलं, तर कोणत्याही बॅचपेक्षा जास्त काम होतं.

तोवर शाळेत काय चाललेलं असतं? गावच्या शाळेत एकच गुरुजी किंवा बाई जवळजवळ सगळे विषय शिकवायच्या, घर ओळखायच्या, मूल गप्प बसलं की विचारायच्या. इथे तासागणिक शिक्षक बदलतात. वर्गात साठ मुलं, आणि पहिले काही आठवडे आपलं मूल म्हणजे हजेरीपटावरचा एक क्रमांक. वही कोणत्या सरांची, कोणत्या वारी, हेच आधी कळत नाही. बोलीवरून हसणारे दोघे-तिघे कुठल्याही वर्गात असतात. अशा वेळी पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी नऊ आले, तर ते बुद्धीचं मोजमाप नसतं. घरी मात्र लगेच "गावच्या शाळेत तर पहिला यायचास" सुरू होतं. पालकहो, हे वाक्य घरातून हद्दपार करा. मामेभावाचे टक्के, चुलत्याच्या मुलीचं मेडिकल, जेवताना तुमच्या डोळ्यांत दिसणारी निराशा, हे सगळं मुलाला कळतं. त्यानंतर ते उत्तरपत्रिका लपवायला शिकतं. मुलाने घरी खोटं बोलायला सुरुवात केली, तर त्याच्या वर्गमित्रांना दोष देण्याआधी आपण मार्कांवरून किती बोललो ते आठवा.

शाळेत रुळायला मार्कांपेक्षा एखादी टोळी जास्त उपयोगी पडते, असं मी ठामपणे म्हणतो. म्हणून आठवीत क्लास शोधण्याऐवजी मुलाला शाळेतल्याच एका उपक्रमात घाला. शाळेत एनसीसी असेल तर ज्युनिअर डिव्हिजनसाठी सत्राच्या सुरुवातीलाच नाव द्या. दोन वर्षांनी 'ए' सर्टिफिकेट मिळतं, आणि त्याआधी परेडच्या रांगेत शेजारी उभा राहणारा मित्र मिळतो. एनसीसी नसेल तर स्काउट-गाइड, खो-खो किंवा कबड्डीचा संघ, नाहीतर ढोल-लेझीम पथक. चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षांची चौकशी चित्रकलेच्या शिक्षकांकडे करा. ज्या मुलाला मैदानावर नावाने हाक मारतात, ते वर्गातही हात वर करतं.

एका परीक्षेला मात्र आठवीत बसवाच: एनएमएमएस. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती असते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 गुणांचे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये थेट बँक खात्यात येतात, म्हणजे चार वर्षांत 48 हजार. फाउंडेशनसाठी कर्ज काढायला तयार असलेल्या कितीतरी पालकांना हे नावसुद्धा माहीत नसतं. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. त्यामुळे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

आता दोन शब्द तुझ्यासाठी, नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या मित्रा आणि मैत्रिणी. पहिल्या आठवड्यात वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे. शेजारी बसणाऱ्याचं नाव विचार, त्याने विचारायची वाट बघू नकोस. गणित समजलं नाही तर तास संपल्यावर सरांना गाठ. दम देणाऱ्या, पैसे मागणाऱ्या किंवा नको तिथे हात लावणाऱ्या कुणाचंही नाव त्याच दिवशी वर्गशिक्षकांना आणि घरी सांग. ती चुगली नसते. गावाकडून बसने येणाऱ्या मुलींनी एसटीच्या मोफत पासचा फॉर्म शाळेतून मागून घ्यावा, तो तुमचा हक्क आहे. आणि नववीला गेलात की शाळेतला पोषण आहार बंद होतो, तेव्हा डबा विसरू नका.

पालकांना शेवटचं सांगणं. दिवाळीच्या सुटीपर्यंत मार्कांविषयी प्रश्न विचारू नका. रोज संध्याकाळी एवढंच विचारा: आज शाळेत कुणाशी बोललास? त्याचं उत्तर महिनाभर "कुणाशीच नाही" असंच येत राहिलं, तर क्लासची फी भरायला नव्हे, वर्गशिक्षकांना भेटायला जा.