घरचा संगणक स्लो झालाय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, कॉम्प्युटर चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतोय. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. पण माझ्या आईचे फोटो त्यातच आहेत. जुना मोबाईल गेला, त्यामुळे दुसरीकडे कुठेच नाहीत. काय करू?" त्यांची आई मागच्याच वर्षी गेली. मी म्हटलं, "दादा, रविवारपर्यंत थांबा. मी येतो. तोवर कशालाच हात लावू नका."

रविवारी गेलो ते पेनड्राइव्ह घेऊनच. स्पीडचं नंतर बघू, आधी फोटो. सगळे फोल्डर कॉपी केले आणि पेनड्राइव्हमधले चार-पाच फोटो प्रत्यक्ष उघडून पाहिले. कॉपी झाली असं वाटतं आणि फाईल उघडतच नाही, असंही होतं, म्हणून ही खात्री करायलाच हवी. संगणकात काहीही काढण्या-घालण्याआधी हे काम पहिलं.

आता संगणक स्लो का होतो ते पाहू. मुलांना मी कपाट आणि टेबल असं सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. कपाटात पन्नास पुस्तकं असली तरी अभ्यासाला अडचण होत नाही, पण सगळी एकदम टेबलावर आली की वही ठेवायला जागा उरत नाही. प्रोग्रामचंही तसंच आहे. नुसता इन्स्टॉल करून ठेवलेला प्रोग्राम जागा खातो, वेग फारसा खात नाही. वेग खातात ते संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे आणि पाठीमागे गुपचूप चालत राहणारे प्रोग्राम. या संगणकाला रॅम होती ४ जीबी. टेबल भरलं की विंडोज काही सामान तात्पुरतं हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, लागलं की परत आणते. हार्ड डिस्क रॅमपेक्षा खूपच हळू असते, त्यामुळे या ये-जा करण्यातच सगळा वेळ जातो. आपण म्हणतो "हँग झाला". त्यात सी ड्राइव्ह भरत आलेला असेल तर आणखी हाल.

तेव्हा अंदाजाने काढाकाढी करू नका, आधी तपासा. एकदा रीस्टार्ट करा (शटडाउन नव्हे, विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा काही भाग जसाच्या तसा साठवला जातो, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं). मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. आम्ही एकही प्रोग्राम उघडला नव्हता, तरी मेमरी ८० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्के! मग 'स्टार्टअप' हा टॅब पाहिला. संगणकाबरोबर कोण कोण उठतं त्याची ती यादी, आणि कोणाचा भार किती तेही तिथे हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. विंडोज ७ वाल्यांना ही यादी एमएस-कॉन्फिगमध्ये सापडेल.

यादीत काय काय निघालं! दोन अँटिव्हायरस. एक संगणकाबरोबर ट्रायल म्हणून आलेला आणि मुदत संपलेला, दुसरा नंतर कोणीतरी टाकून दिलेला. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन तासांसाठी घेतलेली व्हिडिओ कॉलची दोन ॲप्स. मामाच्या मुलाने सुट्टीत टाकलेला गेमचा लाँचर आणि टॉरेंट. घरात नसलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. आणि कळस म्हणजे 'तुमचा संगणक फास्ट करा' म्हणणारा एक प्रोग्राम, जो रोज "८०० एरर सापडल्या, पैसे भरा" असं सांगून घाबरवत होता. असले प्रोग्राम कृपया कोणीही टाकू नका. रजिस्ट्री साफ करणारे तर नकोच.

यातले दोन अँटिव्हायरस हे मुख्य दुखणं. दोघेही प्रत्येक फाईल उघडताना तपासणार, म्हणजे एका वर्गावर दोन सुपरवायझर आणि दोघंही प्रत्येक पेपरवर सही करणार! विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो. बाहेरचा अँटिव्हायरस काढला की तो आपोआप सुरू होतो. घरच्या वापराला माझ्या मते तो पुरेसा आहे.

काढण्याची रीत सांगतो. डेस्कटॉपवरचं चिन्ह डिलीट केलं म्हणजे प्रोग्राम गेला, असा पुष्कळांचा समज असतो. तो फक्त शॉर्टकट असतो. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर थेट डिलीट करणं त्याहून वाईट, अर्धवट अवशेष राहून एरर येत राहतात. आधी सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधून एक रिस्टोर पॉइंट तयार करा. मग कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, 'अनइन्स्टॉल अ प्रोग्राम' असं जा. 'इन्स्टॉल्ड ऑन'वर क्लिक केलं की तारखेनुसार यादी लागते, संगणक कधीपासून बिघडला ते आठवत असेल तर दोषी लवकर सापडतो. एका वेळी एकच प्रोग्राम काढा. बटणं वाचून दाबा. काही प्रोग्राम 'ठेवा' हे बटण मोठं रंगीत आणि 'काढा' हे बारीक अक्षरात देतात. अँटिव्हायरस काढल्यावर लगेच रीस्टार्ट करा. जे कधीमधी लागतं ते काढू नका, स्टार्टअपमध्ये फक्त डिसेबल करा. आम्ही व्हिडिओ कॉलच्या एका ॲपचं तसंच केलं. फ्लॅश प्लेयर दिसला तर बिनधास्त काढा, त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० लाच संपला.

काय काढू नये, हे जास्त महत्त्वाचं. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या नावाने चार-पाच नोंदी दिसतात. त्या एकसारख्या वाटल्या तरी वेगवेगळ्या प्रोग्रामना लागतात, राहू द्या. डॉट नेट, इंटेल, रियलटेक यांनाही हात लावू नका. रियलटेक गेलं की आवाज गेला म्हणून समजा. ज्यांच्याकडे डिजिटल सहीचा टोकन आहे त्यांनी त्याचं सॉफ्टवेअर जपावं.

आणि आपलं मराठी टायपिंग! इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. एकदा साफसफाईच्या भरात शाळेच्या संगणकावरून गूगल इनपुट टूल्स काढून टाकलं आणि नंतर कळलं की त्याची विंडोजवर चालणारी ऑफलाइन आवृत्ती गूगलने देणंच बंद केलंय. निकालपत्रकं समोर पडलेली! शेवटी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड शिकलो; विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून तो मिळतो. श्रीलिपीसारखं जुनं सॉफ्टवेअर काढताना त्याचे फाँट गेले तर जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या फाइली हव्या असतील तर आधी त्यांची पीडीएफ करून ठेवा.

प्रोग्राम झाल्यावर डिस्क क्लीनअप केलं. त्यात 'डाउनलोड्स'वर टिक असेल तर ती काढा, नाहीतर मुलांचे प्रोजेक्ट आणि हॉलतिकिटं एका क्लिकमध्ये जातात.

दोन तास गेले. संगणक आता साधारण अडीच मिनिटांत चालू होतो आणि टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं. नव्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर खरा फरक पडेल, आणि ४ जीबीची ८ जीबी रॅम करता आली तर उत्तमच. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलाय, त्याचाही विचार करावा लागणार. हे सगळं दादांना सांगितलं. ते म्हणाले, "कापूस विकला की बघू, सर." पेनड्राइव्ह मी त्यांच्याकडेच ठेवून आलो.