इंजेक्टर बदलायचा की धुवायचा?



गळीत हंगाम सुरू झाला की ऊसनोंदी, तोडणी कार्यक्रम, टोळ्यांची पाहणी यासाठी आमच्या शेतकी खात्याच्या मोटारसायकली दिवसभर फडाफडातून फिरत असतात. सभासदांचीही तीच गत. अशा ऐन वेळी गाडी झटके देऊ लागली, पिकअप घेईना, की मिस्त्री दोनच शब्द बोलतो, ‘इंजेक्टर गेला.’ मग किंमत सांगतो. ती ऐकून सभासद आमच्याकडे येतात. आम्ही काही मोटार मेकॅनिक नव्हे. परंतु गेल्या दोन हंगामांत आमच्या गटात अशी दोन प्रकरणे झाली. एकात इंजेक्टर बदलावा लागला नाही, दुसऱ्यात बदलणेच भाग होते. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला. इंजेक्टर म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, आपल्या फवारणी पंपाचे नोझलच. टाकीतला विजेचा पंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल पाठवतो. इंजेक्टरमधील तारेच्या वेटोळ्यात वीज आली की आतली सुई उचलते आणि बारीक भोकांतून धुक्यासारखा फवारा उडतो. किती वेळ उघडायचे हे गाडीतला लहानसा संगणक ठरवतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका फवाऱ्यापासून पुढच्या फवाऱ्यापर्यंत एका सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. एवढ्या घाईत काम करणारी वस्तू स्वच्छ पेट्रोल मागणारच.

पहिले प्रकरण असे. एका सभासदाची गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. दिवाळीनंतर काढली तर चढाला गुदमरायची. मिस्त्रीने नवा इंजेक्टर सांगितला. आम्ही कारखान्याच्या कामाने मुंबईला निघालो होतो. सभासद म्हणाले, “साहेब, कुर्ल्याला जुना निम्म्या किमतीत मिळतोय म्हणतात, तेवढा बघून या.”

कुर्ला हे मोटारीचे गाव खरेच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना तेथेच होता. फियाट आणि पुढे पद्मिनी तेथूनच रस्त्यावर आल्या. हेच वालचंद आपल्या धंद्यातले, रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने त्यांचेच. (खाजगी का होईना!) पद्मिनीला कार्बोरेटर होता. जेटमध्ये कचरा अडकला तर ड्रायव्हर तोंडाने फुंकून गाडी चालू करी. इंजेक्टरचे तसे नाही.

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडच्या बाजूने जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. एका दुकानात पेटीभर इंजेक्टर पाहिले. सगळे दिसायला भावंडे. परंतु कोणता किती फवारतो, कोणता आतून गंजला, कोणता पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीचा, हे डोळ्यांना कळत नाही. दुकानदार भला माणूस निघाला. म्हणाला, “बसेल सगळ्यांत, चालेल कशात ते बसवल्यावर कळेल.” आम्ही हात हलवीत परत आलो.

गावी आल्यावर टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवले. खाली वेगळा थर आला! टाकीच्या झाकणाजवळची पाणी जाण्याची नळी मातीने बुजली होती, त्यामुळे पावसाचे पाणी आत उतरले होते.

येथे इथेनॉलचा विषय निघतोच. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यात आपल्या उसाचेही असते, त्यामुळे कारखान्याचे नोकर त्याची बाजू घेणार असे कोणी म्हणेल. म्हणून दोन्ही बाजू सांगतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी, तेव्हा मायलेज थोडे घटते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी पोटात घेते, जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पंप तर तळाचेच ओढतो. मात्र पाणी आत गेले ते आपल्या निष्काळजीपणाने. त्याचा दोष उसाला देऊ नये.

संशय असेल तर घरीच पाहता येते. काचेच्या मोजनळीत १०० मिलि पेट्रोल व १० मिलि पाणी घ्या, हलवा, स्थिर होऊ द्या. २० टक्के इथेनॉल असेल तर तळाचा थर सुमारे ३० मिलि दिसेल. विडी-काडी लांब ठेवून, उघड्यावर करा. ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

त्या गाडीची टाकी रिकामी केली, पंपाची जाळी धुतली, ताजे पेट्रोल भरले. गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. मग तालुक्याला यंत्रावर इंजेक्टर साफ करून फवारा तपासून घेतला. नव्या इंजेक्टरच्या पाव किमतीत काम झाले. ठिबकचे ड्रिपर तुंबले म्हणून कोणी सगळी नळी उपटून टाकतो का? आधी फिल्टर धुतो, मग नळ्या धुतो, मग आम्लप्रक्रिया करतो. तोच क्रम येथे. बॅटरी उतरलेली, प्लग काळा, एअर फिल्टर पाचटाच्या धुळीने भरलेला, इंजेक्टरच्या वायरचा सॉकेट ढिला, यातले काहीही असले तरी गाडी अगदी तशीच झटके देते. उंदराने वायर कुरतडलेलीही आम्ही पाहिली आहे. गाडीचा पिवळा दिवा लागत असेल तर मिस्त्रीला कोड वाचायला सांगा. वॉरंटी असेल तर बाहेर काही उघडू देऊ नका. आणि भोकात पिन घालू देऊ नका. फवाऱ्याच्या नोझलला पिन घातली की काय होते ते आपण जाणता.

दुसरे प्रकरण आमच्याच चिटबॉयच्या गाडीचे. सकाळी ठीक, दुपारी तापली की बंद, निवली की पुन्हा चालू. वरचे सगळे पाहून झाले, सफाईही झाली. शेवटी मीटर लावला. अशा इंजेक्टरच्या वेटोळ्याचा रोध साधारण १० ते १५ ओहम असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. थंड असताना तो बरोबर आला, गरम असताना मीटरचा काटा हललाच नाही. म्हणजे आतली तार तुटलेली. तो धुऊन काय उपयोग? तसेच सफाईनंतरही बंद स्थितीत थेंब गळत असेल, इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर वेळ न घालवता बदलावा. बदलताना त्याच गाडीच्या क्रमांकाचा, कंपनीचाच घ्यावा आणि रबरी रिंगाही नव्या घालाव्यात, नाहीतर गरम इंजिनवर पेट्रोल पाझरते.

चिटबॉयने नवा बसवला, गाडी दोन हंगाम विनातक्रार चालली आहे. काढलेला जुना इंजेक्टर आमच्या गट ऑफिसच्या टेबलावर ठेवला आहे. भोके किती बारीक असतात हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ऊसनोंदीला येताना पाहून जावे.