आईच्या ताटातले दुधात किती उतरते?

बुरोंडीच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की घरोघरी कालवण शिजते. त्या कालवणात ब-१२ हे जीवनसत्त्व असते. भात, नाचणी, डाळ, पालेभाजी यांत ते नसते. मासे, अंडी, मांस आणि दूधदुभते यांतूनच ते आपल्याला मिळते. पावसाळ्यात मासेमारी बंद असली तरी चिंता नाही, कारण यकृत त्याचा साठा करून ठेवते.

आता तान्ह्या बाळाचा विचार करा. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध हेच त्याचे अन्न. रोज सुमारे पाऊण लिटर! त्यासाठी आईला सुमारे ६०० उष्मांक जादा लागतात. मग अर्धपोटी आईचे दूध पाणचट होते का? पुष्कळांना तसे वाटते, पण ते खरे नाही. दुधातील साखर, प्रथिने, कॅल्शियम सहसा घटत नाहीत. कॅल्शियम तर आईच्या हाडांतूनही काढून घेतले जाते. बाळाचे भागते, खंगते ती आई.

ब-१२चे मात्र तसे नाही. आईच्या रक्तात ते कमी, तर दुधातही कमी. मग बाळ मलूल होते, वाढ खुंटते, कधी हातपाय थरथरतात. म्हणून दूध तोडायचे नसते. आईची उणीव भरून काढायची असते.

घाट चढून पुण्याकडे गेले की ताट बदलते. भाकरी, डाळ, भाजी, मटण क्वचित. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब-१२ कमी निघाले. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. नवल असे की, आईने किती उष्मांक घेतले याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसेना; पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे मात्र मोठी होती.

पण मेळ बसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. त्यासाठी प्रयोग हवा. ती बाळे मोठी होऊन तुमच्याहून थोडी थोरली झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांतील काहींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले, काहींना नुसतीच गोळी. (हिशेब करा: एक ग्रॅम ब-१२ एका मुलीला पाच लाख दिवस पुरेल!) पुढे त्या मुली आई झाल्या. ज्यांनी ब-१२ घेतले होते, त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात ते अधिक आढळले.

तुम्हीही एक पाहणी करा. आठवडाभर घरातील प्रत्येकाच्या ताटात दूध, दही, अंडे, मासा किती वेळा आला ते वहीत लिहा. शेवटी कोण जेवते आणि तोवर भांड्यात काय उरते, त्याचा एक रकाना वेगळा ठेवा.