रसायनांची वर्गवारी : भांडाराने शिकविलेला धडा

गतवर्षी आमच्या एका सफाई कर्मचारी भगिनीने स्वच्छतागृह धुताना फरशीवरील ॲसिडवरच हायपोक्लोराइटचे द्रावण ओतले. तत्क्षणी क्लोरीन वायू निर्माण झाला आणि आमच्याच रुग्णालयात त्यांना प्राणवायू द्यावा लागला. भांडारात दोन्ही डबे ‘सफाई साहित्य’ या शीर्षाखाली एकाच फळीवर होते. आम्ही वाणिज्य शाखेचे. नग आणि किंमत यांपलीकडे आमची नोंदवही गेली नव्हती, हे नमूद करणे भाग आहे.

यंदा ती नोंदवही अपायाच्या प्रकारानुसार नव्याने मांडली. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली चिन्हपद्धती त्यासाठी आधारभूत धरली. स्पिरिट ज्वलनशील, ॲसिड दाहक, हे सोपे होते. फॉर्मालिन मात्र एका रकान्यात मावेना. ते विषारी, त्वचेस अपायकारक, शिवाय त्यातील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग घडविते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली काढला.

परंतु वर्गवारी केवळ अपाय सांगते. जोखीम ठरते ती कोण, किती वेळ, कशा हवेत वावरतो यावरून. बंद बाटल्या मोजणाऱ्या भांडारपालापेक्षा दिवसभर ऊतींचे नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला ती कितीतरी अधिक. साधी मुखपट्टी वाफ अडवीत नाही. म्हणून देणगीदारांच्या साह्याने नमुना कक्षात प्रथम वाफ बाहेर खेचणारे कपाट बसविले, हातमोजे त्यानंतर. स्वच्छतागृहांसाठी ॲसिडची खरेदी बंद केली आहे. त्या भगिनी पुन्हा कामावर रुजू झाल्या असून डब्यांवरील चिन्हे नवागतांना त्याच समजावून देतात.