घरच्या घरी बनवा पर्यावरणपूरक क्लीनर: फळांच्या सालींचे बायो-एन्झाइम

लादी पुसून झाली की आपण बादलीतले पाणी मोरीत ओततो आणि आपल्यापुरते ते काम संपते. पण ते पाणी तिथे संपत नाही. गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत किंवा तलावात त्याचा प्रवास सुरूच राहतो. बंगळुरूच्या बेलंदूर तलावावर इतका फेस साचत असे की तो उडून रस्त्यावर यायचा, आणि २०१५ मध्ये तर त्या फेसाने पेट घेतला. दिल्लीत छठपूजेच्या वेळी यमुनेच्या फेसात उभे राहून अर्घ्य देणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे आपण दरवर्षी पाहतो. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस तर अनेक वारकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

हा फेस मुख्यतः प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यामुळे होतो. त्यात कारखान्यांचे पाणी असते, तसे घराघरांतले साबण आणि डिटर्जंटही असतात. कारखाने आपल्या हातात नाहीत, पण आपली मोरी आहे. तिथून सुरुवात करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे बायो-एन्झाइम. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवोंग यांनी ही पद्धत लोकप्रिय केली आणि आज भारतातल्या कितीतरी घरांत ती वापरली जाते.

हे नेमके काय असते?

फळांच्या साली, गूळ आणि पाणी एकत्र बंद करून ठेवले की सालींवरचे यीस्ट आणि जीवाणू गूळ खाऊ लागतात. म्हणजेच मिश्रण आंबते. आधी थोडे अल्कोहोल तयार होते, मग त्याचे अॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल बनते, सोबत लॅक्टिक आम्लही असते. क्षारांचे डाग, साबणाचा थर आणि वास घालवण्याचे बरेचसे काम ही सौम्य आम्ले करतात. लिंबूवर्गीय सालींमधले तेल चिकटपणा सोडवते आणि छान सुगंध देते.

साहित्य

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: १ : ३ : १०

- गूळ: १०० ग्रॅम (शक्यतो काळा, रसायनविरहित)
- साली: ३०० ग्रॅम (संत्री, मोसंबी, लिंबू; साधारण आठ-दहा संत्र्यांच्या होतात)
- पाणी: १ लिटर
- झाकणाची, किमान २ लिटरची प्लास्टिकची बाटली किंवा डबा

घरात इतक्या साली जमत नसतील तर जवळच्या ज्यूसवाल्याकडे मागा, तो आनंदाने देईल. कांदा-लसणाची साले, शिजवलेले अन्न आणि तेलकट काहीही यात घालू नका.

कृती

१. गूळ पाण्यात पूर्ण विरघळवा. साली धुऊन, बारीक चिरून त्यात घाला.
२. बाटलीचा वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याला जागा लागते. याच कारणासाठी काचेची बरणी वापरू नका.
३. बाटलीवर तारीख लिहा आणि ती सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.
४. पहिला महिना रोज एकदा झाकण हळूच सैल करून वायू जाऊ द्या. वर आलेल्या साली लाकडी काडीने खाली दाबा. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा पुरे. तिसऱ्या महिन्यात बाटली नुसती राहू द्या.
५. ९० दिवसांनी फडक्यातून गाळून घ्या. तपकिरी रंगाचे, आंबटसर वासाचे द्रव मिळेल.

आधीच्या वेळचे दोन चमचे विरजणासारखे घातले किंवा चिमूटभर यीस्ट टाकले तर आंबण्याची क्रिया लवकर सुरू होते. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, ते यीस्ट असते. पण काळी किंवा हिरवी बुरशी आली आणि कुजका वास सुटला, तर ते मिश्रण कंपोस्टमध्ये टाकून पुन्हा सुरुवात करा. गाळून उरलेला चोथाही कोरड्या पानांत मिसळून कंपोस्टमध्ये जातो.

पहिल्या वेळी मी बाटली गळ्यापर्यंत भरली. परीक्षेच्या गडबडीत तीन दिवस झाकण उघडले नाही. चौथ्या दिवशी झाकण छताला आणि साली भिंतीला! आई एवढेच म्हणाली, “स्वच्छतेची सुरुवात चांगली झाली.” तेव्हापासून झाकण उघडायचे काम सकाळच्या साधनेला जोडून टाकले आहे, म्हणजे विसरत नाही.

कसे वापरावे?

- लादी: ५ लिटर पाण्यात ५० मिली.
- ग्रॅनाइटचा ओटा, टाइल्स, काच: एका भागाला दहा भाग पाणी, स्प्रे बाटलीत.
- स्टीलच्या नळांवरचे पांढरे डाग, कमोड: तसेच लावून अर्धा तास ठेवा, मग घासा.
- भांडी: यासाठी फेस लागतो. दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पंधरा मिनिटे उकळा, कुस्करून गाळा. या पाण्यात पाव भाग बायो-एन्झाइम मिसळा. उरलेले फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबते.

काय करू नये?

‘नैसर्गिक आहे, मग कुठेही चालेल’ असा समज करून घेऊ नका.

संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशी यांवर हे वापरू नका. हे तिन्ही दगड मुळात कॅल्शियमचे असतात आणि आम्लाने त्यांची चमक जाते. आपल्याकडे कितीतरी घरांत कडप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे. तिथे नुसते रिठ्याचे पातळ पाणी वापरा.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रवात हे कधीही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बाजारातल्या टॉयलेट क्लीनरलाही हाच नियम लागू आहे.

हे जंतुनाशकही नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर तिथे योग्य जंतुनाशकच वापरा.

आणि रिठ्याचे पाणी थेट तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. ते मातीत विघटित होते, पण माशांसाठी विषारी असते.

हिशोब

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. साली फुकट, १०० ग्रॅम गुळाचा खर्च दहा रुपयांच्या आत. त्यातून सुमारे १ लिटर द्रव मिळते, म्हणजे वीस वेळा लादी पुसता येते. एका वेळेचा खर्च पन्नास पैशांहूनही कमी. प्लास्टिकची नवी बाटली विकत आणावी लागत नाही, ती बचत वेगळीच. दर महिन्याला एक-दोन बाटल्या लावत गेलात, तर तीन महिन्यांनंतर घरात कधी तुटवडा पडत नाही.

कपड्यांच्या डिटर्जंटच्या मानाने लादीचे क्लीनर ही छोटी गोष्ट आहे, हे खरे. एका बाटलीने इंद्रायणी स्वच्छ होणार नाही. पण तीन महिने रोज एक झाकण उघडताना आपण काय वापरतो आणि ते कुठे जाते याकडे लक्ष राहते. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या बोटांना नेहमी भेगा पडलेल्या असत. या निमित्ताने आम्ही प्रथमच त्यांना विचारले, “तुम्हाला काय वापरलेले बरे वाटते?” त्या म्हणाल्या, “रिठ्याचे पाणी ठेवा ताई, हाताची आग होत नाही.” खरे तर हे आम्ही कधीच विचारायला हवे होते.

आज संत्रे खाल तेव्हा साल फेकू नका. एक बाटली घ्या, तारीख लिहा आणि सुरुवात करा.