शेतावरील इजांची नोंदवही : अमेरिकेंतील पद्धतीचा विचार

मजुरास रोज किती दिला, उचल किती दिली, याची टिपणवही बहुतेक बागाइतदार ठेवितात. परंतु कामावर असतां कोणास काय इजा झाली, हें लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे फारशी दिसत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां संकटाचा आवांका कळला तो रुग्णालयांत दाखल झालेल्यांवरून, शेतावरच्या दप्तरावरून नव्हे. म्हणून अमेरिकेंतील शेतमालकांस जी नोंदवही ठेवावी लागते, तिची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तेथील कामगार-सुरक्षेचा कायदा १९७० सालचा आहे. त्याच्या नियमांप्रमाणें, मागील वर्षांत केव्हांही दहाहून अधिक नोकर ज्याच्याकडे होते त्या शेतमालकानें ही वही ठेवावयाची. इजेची खबर मिळाल्यापासून सात दिवसांत नोंद झाली पाहिजे. तींत मजुराचें नांव, त्याचें काम, तारीख, जागा, इजेचें स्वरूप व बुडालेले दिवस लिहावे लागतात. वही पुढें पांच वर्षें जपावयाची. आणि वर्षाचा गोषवारा, कोणाचेंही नांव न घालतां, १ फेब्रुवारीपासून ३० एप्रिलपर्यंत मजुरांच्या दृष्टीस पडेल असा लावावयाचा. मृत्यू घडल्यास आठ तासांत सरकारास कळवावें लागतें. मजुरास उपचारांसाठीं इस्पितळांत दाखल करावें लागलें, अवयव तुटला किंवा डोळा गेला, तर चोवीस तासांत.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं कोणती इजा लिहावयाची आणि कोणती नाहीं. साध्या मलमपट्टीनें भागलें तर नोंद नको, वैद्योपचार लागले तर हवी, अशी रेघ तेथें ओढली आहे. फळें तोडतांना शिडीवरून पडून हात खरचटला, जखम धुऊन पट्टी बांधली, तर ती मलमपट्टीच. मग ती डॉक्टरानें कां बांधलेली असेना. धनुर्वाताची सुई टोचली तरीही तसेंच. परंतु टाके घालावे लागले कीं नोंद आली. उन्हानें घेरी आली, सावलींत बसून पाणी प्याल्यावर बरें वाटलें, तर नोंद नाहीं. शिरेंतून सलाइन द्यावें लागलें किंवा शुद्ध हरपली, तर आहे. उपचार कांहींच झाले नाहींत, परंतु दुसऱ्या दिवशीं कामावर येववेना किंवा हलकें काम द्यावें लागलें, तरीही लिहावयाचें. इजेचा दिवस सोडून पुढले दिवस मोजतात, आणि रविवार व सुट्याही त्यांत धरितात.

नोंद केली म्हणजे मालकाची चूक कबूल झाली, असा अर्थ मुळींच होत नाहीं. तेथील नियमांतच तसें स्पष्ट म्हटलें आहे. इजेची खबर देणाऱ्या मजुरास त्याबद्दल कामावरून काढणें किंवा छळणें यासही मनाई आहे. आमच्या मतें वहीचा सारा जीव या मनाईंत आहे. रोज बुडेल या भीतीनें ज्यानें घेरी लपविली, त्याची नोंद कोण करणार?

पद्धतींत उणेंही आहे. डॉक्टराकडे न पाठविलें तर वही कोरी राहील, हा मोह मालकास होऊं शकतो. शिवाय लहान शेतें या वहींतून सुटलीं आहेत, आणि दहा किंवा कमी नोकरांच्या शेतांवर या कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं पैसा खर्चूं नये, अशी अट तेथील कायदेमंडळ वर्षानुवर्षें अंदाजपत्रकांत घालीत आलें आहे. ट्रॅक्टर उलटतो तो शेताचा आकार पाहून नव्हे.

आपल्याकडे कोणी मनानें आरंभ करूं म्हणेल, तर रोजाच्या वहींतच चार रकाने वाढविणें पुरे : काय काम चाललें होतें, कोणतें यंत्र वा औषध हातीं होतें, उपचार काय झाले, किती दिवस काम बुडालें. फवारणीच्या दिवशीं औषधाचें नांव डब्यावरून अक्षरशः उतरून घ्यावें, व शक्य तर डबाही ठेवावा. विषबाधेच्या रोग्यास नेल्यावर डॉक्टरांस तेंच आधीं हवें असतें.