एकादशीचा फराळ व देहाचा भार

एकादशीस पोटास विसावा मिळावा असे आपण म्हणतो. परंतु त्या दिवशीचे ताट निराळेच सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४, तर तुपापासून ९ उष्मांक मिळतात. त्यात दाण्याचे कूट पडले की ताटलीभर खिचडी दोन पोळ्यांहून जड होते. मग उपवास कसला?

आमच्या तीर्थरूपांस यजमानांचा आग्रह कधी मोडवला नाही. परिणामी, देवळाच्या पायऱ्या चढताना ते मध्येच कठड्यास टेकू लागले. पाहून आम्हांस भय वाटले. गेल्या चातुर्मासापासून घरात एकादशीस ताक, फळे व थोडा राजगिरा एवढेच असते. एरवी भात एकदाच, तूप चमचाभर. आम्ही पहाटे १२ सूर्यनमस्कार घालतो; तीर्थरूपांचे गुडघे दुखतात, म्हणून ते अर्धा तास चालतात. चार महिन्यांत त्यांचे वजन ३ किलोने उतरले. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच उपवास करावा.

माताभगिनींस एक विनंती: सत्यनारायणाचा शिरा त्यांस प्रसादापुरताच वाढावा. ते स्वतः नको म्हणणार नाहीत.